सुरईचा कान

४ ऑगस्ट, सोमवार

सुरईला परत घाम! काल संध्याकाळी कोरडी करून ठेवली होती. सकाळी कपाट उघडलं तर पोटावर पुन्हा बारीक थेंब. बोट लावलं — बुळबुळीत. साबण धुवायचा राहिल्यासारखं. बाकी बेचाळीस वस्तू कोरड्या ठणठणीत. हिलाच का? नेमकी हीच का?

छत बघितलं, गळत नाही. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसातून दहा वेळा दार उघडून बघता, तिलाच घाम फुटला असेल." आणि हसली. मला नाही हसू आलं.

वहिनी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे, माझ्या पुतणीकडे गेल्या, त्याला आज तीन आठवडे झाले. दादाच्या सगळ्या काचा माझ्याकडे ठेवून गेल्या. अत्तराच्या कुप्या, पेपरवेट, वाडगे, दोन पक्षी आणि ही मधाच्या रंगाची, एका कानाची सुरई. दादा गेल्यावर वर्षभर त्यांनीच राखल्या. जाताना म्हणाल्या, "भावोजी, तुमच्याइतकं जपून कुणी हात लावणार नाही."

असं त्या घरात मला कुणी म्हटलं नव्हतं. कधीच नाही. तेव्हापासून जीव टांगणीला लागला आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

परत. पुसली.

६ ऑगस्ट, बुधवार

परत. फडकं वाळवायला टाकलं तर वाळल्यावर पांढरं कडक झालं. मिठासारखं काहीतरी.

९ ऑगस्ट, शनिवार

माझ्याकडून कसर राहिलेली नाही, हे इथे लिहून ठेवतो. वहिनींनी खोकी आणली त्याच्या आधीच मी सुताराला बोलावून नवं कपाट करून घेतलं होतं. जाड प्लायवुड, आतून रंग, दाराला रबराची पट्टी — धुळीचा कण आत जायला नको. प्रत्येक वस्तूच्या खाली-वर फ्लॅनेलची घडी. सुतार म्हणाला, "आजोबा, आत काच ठेवणार की नवरी?" कपाट मागच्या खोलीत, न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून उभं केलं. तिथे ऊन नाही, वर्दळ नाही, कुणाचा धक्का लागायची भीती नाही.

दार उघडलं की आंबटसर वास येतो. नव्या लाकडाचा असेल. जाईल.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज हातून जे झालं ते लिहू नये असं वाटतं.

सुरईचा घाम धुळीमुळे येतो असं डोक्यात बसलं. म्हटलं सगळ्याच वस्तू एकदा स्वच्छ धुवाव्यात. धुण्यातलं तर आपल्याला कळतं! चौतीस वर्षं डेअरीत बाटल्या धुतल्या. गरम पाणी, सोडा, ब्रश, परत गरम पाणी, मग दिव्यासमोर धरून तडा बघायचा. सुरुवात छोट्या निळ्या कुपीपासून केली. पाणी गरम, सोडा बेताचा. दोन मिनिटंच ठेवली असेल. काढली तर गळ्याभोवतीची सोनेरी रेघ पाण्यात! तरंगत होती. मी चमच्याने गोळा करायला गेलो. काय गोळा करणार? बोटाला चमचम लागली, बस्स.

कुपी सगळ्यात मागे ठेवली आहे. सोनं गेलेली बाजू भिंतीकडे.

दादा असता तर एकच वाक्य बोलला असता. मला पाठ आहे ते.

१७ ऑगस्ट, रविवार

वहिनींचा फोन. गुडघा दुखतो पण काठीने चालतात. म्हणाल्या, "सुरई बरी आहे ना हो भावोजी? यांचा जीव होता तिच्यात." म्हटलं, "एकदम बरी."

आज लिहूनच टाकतो. कुणाला सांगायचं नाही, पण इथे तर लिहू.

एकतीस वर्षं झाली. दादाने सुरई घेऊन तेव्हा तीन वर्षं झाली असतील. येईल त्याला दाखवायचा — "अखंड आहे, अखंड! दीडशे वर्षांची वस्तू आणि एक ओरखडा नाही." मी त्याच्याकडे गेलो होतो. तो आत कपडे बदलत होता. सुरई समोर फळीवर. मी कानाला धरून उचलली, खिडकीच्या उजेडासमोर धरली. डेअरीची सवय! काच दिसली की उजेडासमोर धरायची. काय सुंदर दिसली! कानाजवळ एक गडद रेघ होती, मधाचा रंग तिथे दाट झाल्यासारखी. मग होती तशी परत ठेवली. आवाज नाही, काही नाही. चहा झाला. आणि दादा ओरडला. कान फळीवर निराळा पडलेला.

"तू हात लावलास?"

मी हो म्हणालो. लावला होता ना.

"बाटल्या धुणाऱ्याचे हात! यांच्या हातात काच देऊ नये."

मग तो जेवणाच्या टेबलावर बसला. दोन नळ्यांमधून गोंद बशीत काढला, काडीने कालवला आणि कान जोडला. टॉर्च मी धरली होती. "नीट धर. तेही जमत नाही?" मी चाळिशी ओलांडलेला माणूस, शाळकरी पोरासारखा डोळे पुसत उभा.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा सगळ्यांना पाणी काचेच्या पेल्यांतून आणि मला स्टीलच्या. वहिनींनी नुसता समोर ठेवला. नंतर दर वेळी तेच. पुतणी लहान होती, तिने नाव पाडलं — स्टीलकाका! सगळे हसले. मीही हसलो. आज पुतणी चाळिशीला आली, अजून फोनवर म्हणते, "स्टीलकाका, कसे आहात?" प्रेमानेच म्हणते बिचारी.

घरीसुद्धा मी स्टीलच्याच पेल्यातून पितो. कधीपासून, मलाच आठवत नाही.

आणि ठेवताना कान होता का? होता. माझ्या बोटात होता की! मग ठेवताना फळीला टेकला असेल. टेकलाच असणार. नाहीतर कसा तुटेल?

२१ ऑगस्ट, गुरुवार

संपलं सगळं. सुरईत भेगा आल्या!

मोठ्या नाहीत. भिंग लावून बघितल्या. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, पोटाच्या एका बाजूला. माझ्या हाताच्या कातडीवर आहेत तशा. रडत होती म्हणून रोज पुसत होतो, आता तडकायला लागली. उद्या उचलायला जाईन आणि हातात चुरा येईल.

मुलगा ऑफिसातून आला, त्याला दाखवलं. म्हणाला, "बाबा, काच आहे हो ती. एवढं काय!" तुझ्यासाठी काच असेल. जेवलो नाही. सून दाराशी येऊन उभी राहिली, थट्टा केली नाही. तेव्हा कळलं की माझा चेहरा बराच वाईट दिसत असणार.

२५ ऑगस्ट, सोमवार

सुनेने शोधून काढलं. संग्रहालयात जुन्या काचा सांभाळणारी एक बाई आहे. "घरात तोंड पाडून बसण्यापेक्षा जाऊन विचारा. फार तर नाही म्हणेल." बसने गेलो. पायऱ्या बघूनच परत फिरणार होतो. माझ्यासारख्याने तिथे काय बोलायचं? पाचवीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही. त्या वर्षी घरातल्या एकाचीच फी भरता येत होती आणि दादा हुशार.

पण बाई साधी निघाली. चाळिशीची, पांढरे हातमोजे घातलेली, कानामागे पेन्सिल. माझं सगळं ऐकलं. घाम, बुळबुळीत, पांढरं मीठ, जाळ्या. म्हणाली, "आजोबा, तुमची सुरई आजारी आहे."

मला वाटलं थट्टा करते. नाही. काच करताना भट्टीत खार जास्त पडला आणि चुना कमी, तर ती काच जन्मापासून नाजूक. दमट हवेत आतला खार बाहेर येतो. तोच घाम.

"बरी होईल?"

"नाही. पण सांभाळलं तर आणखी शंभर वर्षं काढेल. तुमचे गुडघे तरी कुठे बरे होणार आहेत? चालताच ना?"

मग विचारलं, कुठे ठेवली आहे. मी मोठ्या हौसेने कपाटाचं सांगितलं. नवं, रबराची पट्टी, फ्लॅनेल. तिचा चेहरा पडला. नव्या प्लायवुडमधून आंबट वाफ निघत राहते म्हणाली, बंद दाराच्या आत ती कोंडते, फ्लॅनेल ओल धरून ठेवतं, आणि वर न्हाणीघराची भिंत. "तुमच्या भावाकडे ती कशात होती?" उघड्या फळीवर. तेहतीस-चौतीस वर्षं उघड्या फळीवर!

म्हणजे मीच. जपून जपून मीच मारत होतो तिला.

बाई म्हणाली घाबरू नका, आजच बाहेर काढा. कोरडी खोली, उघडी फळी, समोर छोटा पंखा हळू. आणि एकदा अंगावरचा खार धुवावा लागेल. नुसत्या कोमट पाण्याने, तेसुद्धा गाडीच्या बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने. सोडा नाही, साबण नाही. टबात खाली टॉवेल घालून.

आणि मग विचारलं, "कुठे जोडलेली नाही ना? जोडलेली वस्तू पाण्यात घालायची नसते."

मी म्हणालो, "नाही. अखंड आहे."

का म्हणालो? तोंडातून गेलंच. दादा म्हणायचा तसंच, त्याच सुरात — अखंड! नाहीतर लगेच विचारलं असतं, कशी तुटली. कुणी तोडली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सगळ्या वस्तू बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या रिकाम्या केलेल्या फळीवर. मुलाची पुस्तकं पलंगाखाली. सून म्हणाली, "आता आम्ही कपाटात राहतो, काचा हॉलमध्ये राहू देत." पण फळी तिनेच पुसली.

दोन नळ्यांच्या गोंदाचा विचार करतोय. दादा तेव्हा म्हणाला होता, "हा पाण्याला दाद देत नाही. निदान आता तरी टिकेल." म्हणजे पाण्यात घातली तर चालेल. चालेल ना?

३० ऑगस्ट, शनिवार

तीन दिवस घाम नाही! हात लावून बघितलं, चार वेळा. कोरडी.

लिहायला भीती वाटते, नजर लागेल.

३ सप्टेंबर, बुधवार

वहिनी चौदा तारखेला येणार, रविवारी. पुतणी गाडी घेऊन येईल, सगळं घेऊन जातील. अकरा दिवस. अंगावर पांढरट थर अजून आहे, तो धुवायलाच हवा. बाईने सांगितलं आहे. रोज सकाळी टब काढतो, टॉवेल घालतो, पाणी कोमट करतो आणि मग ओतून देतो.

निळ्या कुपीचं सोनं — त्याचं काय सांगणार?

९ सप्टेंबर, मंगळवार

तुटली.

तुटली, तुटली. दुसऱ्यांदा माझ्याच हातून!

सकाळी धीर केला. पाणी मनगटावर घेऊन बघितलं, तान्ह्या बाळाला घालताना बघतात तसं. सुरई दोन्ही हातांनी पोटाखाली धरून आत ठेवली. कानाला स्पर्शही केला नाही, शपथ! पाणी अंगावर सोडत होतो. पांढरा थर जात होता, आतून मध दिसायला लागला. बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. पाऊण तास झाला असेल. काढायला हात घातला आणि कान टॉवेलवर राहिला. अलगद. आवाजसुद्धा नाही. तेव्हाही आवाज झाला नव्हता.

खालीच बसलो. सून धावत आली. "बाबा, लागलं का कुठे?" मला नाही गं लागलं. ती म्हणाली, "जोडू ना, मी आणते काहीतरी दुकानातून." मी ओरडलो तिच्यावर. जोडू नकोस, कुणी हात लावू नका! आठ वर्षांत पहिल्यांदा ओरडलो. तिचे डोळे भरले.

वहिनींना काय सांगू? "तुमच्याइतकं जपून" म्हणाल्या होत्या. दादा वर बसून हसत असेल. हसत नसेल, मान हलवत असेल. त्याची सवय. यांच्या हातात काच देऊ नये. बरोबरच होतं त्याचं. एकतीस वर्षं मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी वाटायचं की नसेल टेकला फळीला, माझ्या हातून नसेल झालं. आता तेही गेलं. माझे हातच तसले.

दादाच्या आणि माझ्या मधलं हे शेवटचं होतं. तेही मोडलं.

१० सप्टेंबर, बुधवार

अंथरुणातून उठलो नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

सून चहा घेऊन आली. म्हटलं, परवा ओरडलो, चुकलं माझं. म्हणाली, "चुकलंच. आता चहा प्या, आणि उद्या त्या काचवाल्या बाईंकडे जा. मी येते सोबत, बसमध्ये तुमच्या हातून सुरई पडायला नको." मग जीभ चावली. मी म्हटलं, राहू दे, खरंच आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गेलो. सुरई टॉवेलमध्ये, सुनेच्या मांडीवर. कान माझ्या खिशात, रुमालात.

बाईसमोर ठेवलं आणि म्हटलं, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. जोडलेली होती. मग सगळंच बोललो. फळी, खिडकी, टॉर्च, दोन नळ्या, स्टीलचा पेला. सून शेजारी बसून ऐकत होती. तिलाही ठाऊक नव्हतं. जन्मात पहिल्यांदा कुणापुढे बोललो आणि तेही संग्रहालयात, परक्या बाईपुढे.

बाई रागावली नाही. कान हातात घेतला, तुटलेली बाजू उजेडाकडे केली. बराच वेळ बघत राहिली.

"दोन नळ्यांचा गोंद? नक्की? तुम्ही बघितलंत?"

"टॉर्च मीच धरली होती."

"तो पाऊण तासाच्या कोमट पाण्याने सुटत नाही, आजोबा."

मग म्हणाली, आज राहू द्या माझ्याकडे. उद्या नीट बघून सांगते.

परत येताना सुनेने बसमधून उतरताना माझा हात धरला.

१३ सप्टेंबर, शनिवार

बाईने भिंगाखाली दाखवलं. तुटल्या जागी गोंदाचे दोन थर. वर दादाचा, काचेसारखा. त्याच्या खाली तपकिरी — सरस. जनावराच्या हाडाचा, पूर्वी वापरायचे तो. "साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा तरी असेल. तुमच्या भावाने सुरई घेतली तेव्हाच तिचा कान जोडलेला होता." सरस पाण्याने सुटतो. दमट हवेतही सुटतो, आपोआप.

दादाने नवा गोंद त्या तपकिरीवरच लावला. माझ्यासमोर. मी धरलेल्या उजेडात.

आणि मलाही दिसली होती ती रेघ! खिडकीसमोर धरली तेव्हाच. डेअरीत असती तर तिथल्या तिथे बाजूला काढली असती. दादाची होती म्हणून मध वाटला.

सांगायचं होतंस रे दादा. मी कुणाला बोललो असतो?

बाईने विचारलं, दोन्ही थर काढून नव्याने जोडू? कुणाला कळणार नाही. मी नको म्हणालो.

वहिनी उद्या येतात. काय बोलेन, ठाऊक नाही. सुरई टेबलावर ठेवली आहे. कान वेगळा, तपकिरी बाजू वर. शेजारी माझा स्टीलचा पेला.